मर्ढेकर आणि गणपत वाण्याची माडी

बा. सी. मर्ढेकर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना शाळा-कॉलेजच्या मराठीच्या पुस्तकातून माहीत आहे. 'मराठी नवकवितेचे जनक' एवढं लिहिलं की मार्क पक्के. पिंपात मेलेल्या उंदरांवर कविता करणारा माणूस, अशीही एक ओळख. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, मग दुबई; मर्ढेकर पुस्तकातच राहिले. याच माणसावर कवितांसाठी सरकारने खटला भरला होता आणि तो काही वर्षं चालला, हे मात्र आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

बाळ सीताराम मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ चा, खानदेशातल्या फैजपूरचा. (१९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेच हे फैजपूर.) १९२९ साली ते आय.सी.एस.साठी लंडनला गेले. त्या काळी हुशार मुलाने आय.सी.एस. व्हायचं असायचं, जसं आमच्या वेळी कॉम्प्युटर इंजिनिअर. ते काही जमलं नाही. पण टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती आणि इंग्रजी कविता मुळापासून बदलत होती. ते वारं या मुलाला लागलं. परत आल्यावर काही वर्षं इंग्रजी शिकवलं, मग ऑल इंडिया रेडिओत नोकरी धरली. म्हणजे सरकारी नोकरी, बदल्या, फायली, आणि उरलेल्या वेळात कविता.

१९३९ सालचा त्यांचा पहिला संग्रह 'शिशिरागम' वाचला तर हा माणूस पुढे काय करणार आहे याचा पत्ता लागत नाही. माधव जूलियन, बालकवी यांच्या वळणाची हळवी प्रेमकविता. मग महायुद्ध आलं, मुंबईत रेशनिंग आलं, गिरण्या आणि लोकलच्या वेळापत्रकावर धावणारी माणसं आली. १९४७ सालच्या 'काही कविता' या संग्रहात हे सगळं उतरलं. सकाळचा चहा, मग विजेची गाडी गाठायची, साहेबापुढे मान तुकवायची, असा चाकरमान्याचा दिवस त्यांनी एका कवितेत सांगितला आहे, आणि तोही चक्क अभंगाच्या चालीत, संतांनी उपदेश करावा तसा. शारजाहून दुबईला रोज गाडी हाकणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. हसूही येतं आणि घशाशीही काहीतरी येतं.

लोक बिथरले ते इथेच. छंद ज्ञानोबा-तुकोबांचे, आणि आत उंदीर, यंत्रं, इंग्रजी शब्द, शरीराचे उघड उल्लेख! दुर्बोध म्हणाले, किळसवाणं म्हणाले, शेवटी अश्लील म्हणाले. १९४८ साली मुंबई सरकारने खटला भरला. गंमत पाहा, देश नुकताच स्वतंत्र झालेला, कवी स्वतः सरकारी रेडिओचा नोकर, आणि त्याच्या कवितांचा निवाडा कोर्टात. १९५२ साली ते निर्दोष सुटले. मला विशेष वाटतं ते मधल्या एका गोष्टीचं. डोक्यावर ही टांगती तलवार असताना या गृहस्थाने १९५१ साली पुढचा संग्रह काढला आणि त्याला नाव दिलं 'आणखी काही कविता'!

नव्या कवितेचं असं स्वागत सगळीकडेच झालं. आमच्या धंद्यात फिनलंड म्हटलं की नोकिया आणि लिनक्स आठवतात. लिनक्सवाले लिनस टोरवाल्ड्स हे तिथल्या स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्याकांपैकी, आणि त्यांचे आजोबा ओले टोरवाल्ड्स कवी होते. त्याच अल्पसंख्याकांत एडिथ सोडरग्रान ही कवयित्री होऊन गेली. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, शाळा जर्मन, कविता स्वीडिशमध्ये. १९१८ साली तिचा दुसरा संग्रह आला तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची यथेच्छ टर उडवली. १९२३ साली क्षयाने ती गेली तेव्हा अवघी ३१ वर्षांची होती. आज तिकडची आधुनिक कविता तिच्यापासून मोजतात. दोन-तीन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसांच्या हातून हे घडतं, असं मला वाटतं. आपल्याकडेही नवकविता एकट्या पुण्या-मुंबईत वाढली नाही. मर्ढेकरांच्या कविता छापणारं 'अभिरुची' मासिक निघायचं बडोद्याहून, आणि ते काढणारे पु. आ. चित्रे म्हणजे कवी दिलीप चित्र्यांचे वडील.

इंग्रजी शब्दांचं म्हणाल तर मर्ढेकरांनी ते नुसते पेरले नाहीत. 'पंक्चर' आणि 'पंप' या शब्दांना त्यांनी सरळ मराठी क्रियापदांचे प्रत्यय लावले. आपली इथली मुलं 'मी सेव्हतो', 'तू फॉरवर्ड' म्हणतात तेव्हा आपण कपाळावर हात मारतो. फरक आहेच, मर्ढेकरांना संस्कृत वृत्तांपासून ओवीपर्यंत सगळं येत होतं. पण प्रत्यय मराठी राहिला की शब्द मराठीत नांदू लागतो, हे त्यांनी सत्तरेक वर्षांपूर्वीच करून दाखवलं आहे. मुलांना ओरडण्याआधी मी आता जरा थांबतो.

त्यांचं सगळंच लिखाण सोपं नाही. 'रात्रीचा दिवस' ही १९४२ सालची कादंबरी मला पेलली नाही, हे सांगून टाकतो. 'सौंदर्य आणि साहित्य' हा सौंदर्यशास्त्रावरचा ग्रंथ तर अभ्यासकांचा प्रांत. त्याला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २० मार्चला मर्ढेकर दिल्लीत वारले. वय ४६.

पण दुर्बोध म्हणून त्यांना बाजूला ठेवणाऱ्यांनी एकदा गणपत वाण्याची कविता उघडावी. तिच्यात एकही अवघड शब्द नाही. छोटं दुकान, जिरं, धणे, तेल, गिऱ्हाइकाची मर्जी, रात्री हिशेब. गोणपाटावर सतरंजी टाकून, पोतं उशाला घेऊन दुकानातच झोपायचं, झोपण्याआधी तुकारामाचा गाथा वाचायचा. बिडी ओढताना काडी चावायची आणि मनाशी म्हणायचं की इथे एक दिवस माडी बांधीन.

देरा, सतवा भागात बेड-स्पेसवर राहून गावाकडे पैसे पाठवणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. आणि करामाच्या फ्लॅटमध्ये किंवा व्हिलात राहणारे आपण तरी वेगळं काय म्हणतो? 'अजून दोन वर्षं, मग पुण्याला परत.' हे वाक्य प्रत्येक गेट-टुगेदरला ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याला इथे येऊन पंधरा वर्षं झालेली असतात. कुणाचा बाणेरचा फ्लॅट बंद पडून आहे, कुणाची कोकणातली जागा अजून सातबाऱ्यावरच आहे.

मर्ढेकर गणपत वाण्याला हसत नाहीत, त्याची कीवही करत नाहीत. बिडी ओढता ओढताच तो मरून जातो. माडी बांधली जात नाही. चावून फेकलेल्या काड्या तेवढ्या दुकानाच्या जमिनीत रुतून राहतात.