चोर, धनी आणि कायदा

आपल्या घरात शिरलेल्या चोराला ठार मारले तर गुन्हा होतो काय, असे वकिलाला त्याचे शेजारी हटकून विचारतात. आणि 'ते परिस्थितीवर अवलंबून आहे' ह्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही. घर माझे, माल माझा, मग परिस्थितीचा संबंध काय? ही भावना आजची नव्हे. आपल्या स्मृतिकारांनी ज्या सहा आततायींची गणना केली, त्यांत आग लावणारा, विष घालणारा व शस्त्र घेऊन येणारा ह्यांच्याच पंक्तीला धन लुबाडणारा आणि शेत बळकावणारा हेही बसवले आहेत. आणि आततायीला मारण्यात दोष नाही असे मनूने सांगितले आहे. रोमन लोकांच्या इ. स. पूर्व पाचव्या शतकातील द्वादश फलकांत मात्र एक भेद आढळतो. रात्री चोरी करताना सापडलेला चोर मारला तर ते कायदेशीर; दिवसा त्याने शस्त्र चालवले तरच. अंधारात आलेला मनुष्य माल नेण्यास आला आहे की जीव घेण्यास, हे धन्याला कळणार कसे? उजेडात ते कळते. हा रात्रीचा भेद पुढे दोन हजारांहून अधिक वर्षांनी आपल्या पिनल कोडात येऊन बसला.

परंतु धनी स्वतः जागेवर नाही आणि त्याच्या जागी एक यंत्र उभे आहे, अशी स्थिती असली तर? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात हा प्रश्न फार कडवटपणे पुढे आला. तेथील जमीनदार आपल्या राईतील ससे व पाखरे चोरट्या शिकाऱ्यांपासून राखण्यासाठी झाडीत खटक्याच्या बंदुका लावून ठेवीत. जमिनीलगत तार ताणलेली असे. तिला पाय लागला की बंदूक उडे. १८२० साली अशा एका राईत हेझलची फळे वेचण्यास गेलेला मनुष्य जखमी झाला व त्याने नुकसानभरपाई मागितली. बंदुका लावल्याची सूचना त्याला ठाऊक होती, म्हणून न्यायालयाने त्याला हात हलवीत परत पाठवले. सिडनी स्मिथ नावाच्या एका विनोदी पण धारदार लेखणीच्या पाद्र्याने ह्यावर 'एडिंबरो रिव्ह्यू'त झोड उठवली. त्याचा मुद्दा साधा होता: जी गोळी धन्याने स्वतःच्या हाताने झाडली तर खून ठरेल, ती त्याने तारेकरवी झाडली म्हणजे पवित्र कशी होते?

पाच वर्षांनी ब्रिस्टलजवळ जे घडले ते तर एखाद्या नाटककाराला सुचावे असे आहे. होलब्रुक नावाच्या गृहस्थाची घरापासून सुमारे मैलभर दूर एक भिंतबंद बाग होती. तीत उंची ट्यूलिप होते. वीस पौंडांची फुले व कंद चोरीस गेले, तेव्हा त्याने आत खटक्याची बंदूक लावली. पाटी लावा, असे त्याला सुचवण्यात आले होते. पण चोर सापडावा म्हणून त्याने ती मुद्दामच लावली नाही. १८२५ सालच्या मार्चमधील २१ तारखेच्या संध्याकाळी, अजून उजेड असताना, शेजारची एक लांडोर सुटली आणि ह्या बागेत जाऊन बसली. तिच्यामागे आलेली मोलकरीण रडकुंडीस आलेली पाहून बर्ड नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा मदतीला धावला. भिंतीवर चढून त्याने दोनतीनदा हाक मारली. कोणी ओ देईना, तेव्हा तो आत उतरला. पाय तारेला लागला, आणि बंदुकीचे छर्रे त्याच्या गुडघ्याच्या वर घुसले.

ट्यूलिपचा चोर कोण होता, ते ह्या बंदुकीने सांगितले नाही. तिला विचारता येत नव्हते आणि मुलाची हाक ऐकूही येत नव्हती. १८२८ साली न्यायालयाने बर्डच्या बाजूने निकाल दिला: सूचना न देता बंदूक लावणाऱ्याचा हेतू चोराला भिववण्याचा नसून माणूस जखमी करण्याचा असतो. गंमत अशी की हा निकाल देणारे मुख्य न्यायाधीश बेस्ट १८२० च्या खटल्यातही न्यायासनावर होते आणि स्मिथसाहेबांच्या लेखणीचा मार त्यांनीच खाल्ला होता. मधल्या काळात, १८२७ साली, पार्लमेंटने अशा बंदुका लावणे गुन्हा ठरवला होता. पाटी लावून सुटण्याची वाट बंद झाली. रात्रीच्या वेळी राहत्या घरात मात्र मुभा राहिली.

ह्यानंतर दहाच वर्षांनी, १८३७ साली, मेकॉलेने हिंदुस्थानसाठी दंडविधानाचा मसुदा सादर केला. त्याचा रोख उलट्या बाजूला होता. दरोडेखोरांपुढे येथील लोक मुकाट्याने मान तुकवतात, ही त्याची तक्रार होती. दरोडेखोरांशी झुंजताना एखाद्याचा हात मर्यादेबाहेर गेला म्हणून त्याला फासावर चढवणे, हे त्या हक्काच्या गैरवापरापेक्षाही वाईट, असे त्याच्या टिपणात आहे. परक्या सत्तेच्या अंमलदाराने प्रजेच्या पुरुषार्थाची चिंता वाहावी, ह्याचे थोडे हसू येते. पण कायदा उदार झाला हे खरे. १८६० च्या दंडविधानाने स्वतःची तशीच दुसऱ्याचीही मालमत्ता राखण्याचा हक्क दिला. मृत्यू घडवण्यापर्यंत तो चार प्रसंगी जाई: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला लावलेली आग, आणि जीव जाण्याचे किंवा जबर दुखापतीचे वाजवी भय निर्माण करणारी चोरी, नासधूस वा घरातील घुसखोरी. साध्या चोरीला ही मुभा नाही. सरकारी मदत मिळवण्यास अवधी असेल तर हक्कच नाही, आणि गरजेपेक्षा अधिक इजा कधीच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच चौकट थोड्या शब्दांच्या फरकाने आली आहे. 'रात्री' ऐवजी सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, असे आता म्हटले आहे.

ह्या हक्काला आरंभ आहे तसा शेवटही आहे. पंजाबातील एका शेताच्या तंट्यात, हल्ला करणारे पळत सुटल्यावरही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. साताऱ्याचे सुपुत्र न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात त्याचा निवाडा करताना सांगितले की पाठ फिरवलेल्या माणसापासून रक्षण करण्याचे काही उरत नाही.

आणि १९६३ साली ब्रिस्टलची बाग पुन्हा त्याच न्यायालयापुढे आली. ह्या वेळी ती बिहारातील एका शौचकूपाच्या रूपाने. शेजारच्या घरच्या शौचकूपाची भिंत पडली होती, म्हणून तेथील बाई ह्याच्या शौचकूपात येऊ लागली. तोंडी ताकीद देऊन भागेना, तेव्हा मालकाने वाटेत विजेची उघडी तार बांधली. बाई मेली. मालमत्तेच्या रक्षणाचा बचाव त्याला तारू शकला नाही. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जागेत आलेला मनुष्य कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले व शिक्षा कायम ठेवली.

आपल्याकडे रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात चोरून वीज सोडली जाते. शेतकऱ्याचे नुकसान खोटे नाही. एका रात्रीत डुकरांनी उलथलेले भुईमुगाचे शेत ज्याने पाहिले आहे, तो त्याला नावे ठेवणार नाही. पण त्या तारेला शेजारचा शेतकरी चिकटतो, गडी चिकटतो, क्वचित घरचाच मुलगा चिकटतो. पाटी लावली होती, असे त्यावर कोणी म्हणेल. १८२० सालीही हेच म्हटले गेले होते, आणि तेव्हा ते चालले होते.