निस्टॅटिन

निस्टॅटिन : मातीतील स्ट्रेप्टोमायसीज नूर्सेई या तंतुमय जंतूपासून मिळणारे बुरशीरोधी प्रतिजैविक. कँडिडा या यीस्टवर्गीय बुरशीमुळे त्वचा, तोंड व योनिमार्ग यांना होणाऱ्या संसर्गावर ते वापरतात.

पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन यांचा वापर वाढला, तसा एक नवा उपद्रव दिसू लागला. औषधाने जंतू मरत, आणि त्यांच्यामुळे आटोक्यात राहिलेली कँडिडा मोकाट वाढे. तिच्यावर माणसाला सोसेल असे औषध नव्हते. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील दोन स्त्रियांनी ते शोधले : सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ ली हेझन (१८८५–१९७५) आणि रसायनशास्त्रज्ञ रेचल फुलर ब्राउन (१८९८–१९८०). हेझन न्यूयॉर्क शहरात, तर ब्राउन ऑल्बनीत. त्यामुळे बरेचसे काम टपालाने चाले. ठिकठिकाणच्या मातीतले जंतू वाढवून त्यांतला कोणता बुरशीला रोखतो हे हेझन पाहत आणि तो बरणीत घालून ऑल्बनीला पाठवत. ब्राउन त्यातले गुणकारी द्रव्य वेगळे करून परत धाडत. मग उंदरांवर परीक्षा होई, आणि बुरशी मारणारी बहुतेक द्रव्ये उंदरांनाही मारत. १९४८ मध्ये व्हर्जिनियातील नूर्स कुटुंबाच्या दुग्धशाळेजवळची माती या परीक्षेत उतरली. शोध १९५० मध्ये जाहीर झाला. स्वामित्वशुल्कापोटी आलेले सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले; औषधांच्या इतिहासात असा व्यवहार विरळाच.

निस्टॅटिन हे पॉलिईन गटातले द्रव्य आहे. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला ते चिकटते, पटलाला छिद्रे पडतात, पोटॅशियम बाहेर झिरपते आणि पेशी मरते. माणसाच्या पेशीपटलात त्या जागी कोलेस्टेरॉल असते, म्हणून माणसाच्या पेशीला इजा कमी होते. तरीही शिरेतून देण्याइतके ते निर्धोक नाही, आणि पोटात घेतले तर आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. म्हणूनच त्याचा उपयोग वरवरच्या संसर्गापुरता : तान्ह्या मुलाच्या जिभेवरचा दह्यासारखा पांढरा थर, लंगोटाच्या जागचे लाल चट्टे, घामाने ओल्या राहणाऱ्या जांघा आणि स्तनांखालची कातडी. १९६६ च्या पुरानंतर फ्लॉरेन्समधील भित्तिचित्रांवर चढलेली बुरशीही याच औषधाने हटवली.

याच गटातील हॅमायसिन महाराष्ट्रातले. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायॉटिक्समध्ये (स्थापना १९५४), पिंपरीकरांच्या 'एचए'मध्ये, एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या काळात ते स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना या जंतूपासून मिळवले. कँडिडाच्या संसर्गावर व कानातल्या बुरशीवर ते वरून लावण्यासाठी वापरले गेले. पिंपरीच्याच ऑरिओफंजिनचा उपयोग पिकांवरील बुरशीसाठी झाला.

गजकर्ण किंवा नायटा मात्र निस्टॅटिनने बरा होत नाही. तो केराटिन खाणाऱ्या निराळ्या बुरशींचा रोग आहे. त्यांच्यावर चालणारे पायरोलनायट्रिन हे द्रव्य जपानमध्ये मातीतल्याच स्यूडोमोनस जंतूपासून मिळाले. पण आज गजकर्णावर मुख्यतः टर्बिनाफिन, क्लोट्रिमॅझोल अशी कारखान्यात घडवलेली औषधे देतात. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज तात्पुरती थांबते आणि गजकर्ण पसरते. असे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.