जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतील ओळखीचे वाटणारे शब्द

जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नाताळच्या आदल्या रात्री मेजवानीहून परतताना घोडागाडीत मिस्टर एल्टन एमाशी ‘मेक लव्ह’ करू लागतो. आजचा वाचक येथे दचकतो. त्या काळी या शब्दप्रयोगाचा अर्थ प्रेम व्यक्त करणे, आर्जव करणे एवढाच होता. एल्टन तिला लग्नाची मागणी घालत असतो.

अशा कादंबऱ्या वाचताना अनोळखी शब्द फारसे अडवत नाहीत. वाचक शब्दकोश पाहतो आणि पुढे जातो. फसवतात ते ओळखीचे शब्द, कारण तिथे शब्दकोश उघडावा असे वाटतच नाही.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मधला मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरिनच्या ‘कंडिसेन्शन’चे गोडवे गातो. आज या शब्दात तुच्छता आहे. तेव्हा तो स्तुतीचा होता : मोठ्या माणसाने आपला मान बाजूला ठेवून लहानांशी सौजन्याने वागणे. बाई तर कमालीची गर्विष्ठ! हा जुना अर्थ ठाऊक नसेल, तर कॉलिन्स तक्रार करतोय असे वाटते आणि सगळा विनोद वाया जातो.

याच कादंबरीतले ‘लिव्हिंग’ म्हणजे नुसती उपजीविका नव्हे. ते गावच्या चर्चमधील धर्मगुरूचे पद असे; त्याला ठरलेले उत्पन्न आणि बहुधा राहायला घर मिळे. हे पद कोणाला द्यायचे, याचा हक्क अनेकदा जमीनदाराकडे असे. कॉलिन्सला ते लेडी कॅथरिनने दिलेले असते. त्याच्या खुशामतीचे मूळ इथे आहे. डार्सीने आपले असेच पद हिरावले, असा विकमचा आरोप असतो. तो किती गंभीर आहे, हे ‘लिव्हिंग’ कळल्याशिवाय उमगत नाही.

‘कॅन्डर’ म्हणजे आज स्पष्टवक्तेपणा. तेव्हा दुसऱ्याबद्दल चांगलेच गृहीत धरण्याची वृत्ती. थोरली बहीण जेन तशी आहे, फटकळ नव्हे. ‘मॉर्निंग’ तर दिवसाच्या मुख्य जेवणापर्यंत लांबे, त्यामुळे सकाळच्या म्हणवल्या जाणाऱ्या भेटी दुपारीही होत.

एखादे वाक्य त्या पात्राच्या तोंडी विचित्र वाटले, तर त्यातला सोपा शब्दच आधी तपासावा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत प्रत्येक अर्थाखाली सालवार उदाहरणे असतात. सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. ऑस्टिनच्या वाचकांना त्यातले बरेच अर्थ परिचयाचे होते.