कृत्तिकांचे युग आणि बौद्ध नक्षत्रविचार

प्राचीन भारतीयांनी चंद्राच्या मार्गावरील तारकांची नक्षत्रांत विभागणी केली. रोहिणी, मघा, चित्रा व ज्येष्ठा यांच्या ठळक तारका सहज ओळखू येतात. तरीही वैदिक वाङ्मयातील नक्षत्रांच्या यादीचा आरंभ त्यांच्यापासून न होता कृत्तिकांच्या मंद तारकापुंजापासून होतो. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे. त्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी ग्रंथात हा उल्लेख इ.स.पू. सुमारे ३००० चा ठरविला. हे अनुमान सर्वमान्य झालेले नाही.

संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिषी हिप्पार्कस याने चित्रा तारकेच्या जुन्या व नव्या वेधांची तुलना करून हे चलन ओळखले. इ.स.पू. सुमारे २३०० मध्ये वसंतसंपात कृत्तिकांपाशी होता. वराहमिहिराच्या काळी, म्हणजे इ.स.च्या सहाव्या शतकात, तो अश्विनीच्या आरंभाजवळ आला होता. संपाताला एक राशी ओलांडण्यास सुमारे २१५० वर्षे लागतात. 'मीनयुग', 'कुंभयुग' या आधुनिक कल्पना यावरच उभ्या आहेत. परंतु राशींच्या सीमा माणसाने आखलेल्या असल्याने अशा युगाचा प्रारंभ नेमका केव्हा, याविषयी त्यांच्या पुरस्कर्त्यांतही एकमत नाही.

दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदान या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. मातंगराज त्रिशंकू आपला पुत्र शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी ब्राह्मणाच्या कन्येला मागणी घालतो. ब्राह्मण संतापतो, तेव्हा त्रिशंकू जातिभेदाचे खंडन करतो आणि अठ्ठावीस नक्षत्रे, त्यांच्या तारकांची संख्या व आकार सांगतो. कृत्तिकांच्या तारका सहा व त्यांचा आकार वस्तऱ्यासारखा, असे तो सांगतो. येथेही यादी कृत्तिकांपासूनच सुरू होते. म्हणून हे अवदान कृत्तिकांच्या युगातले ठरत नाही. वारशाने आलेला क्रम आकाश बदलल्यावरही टिकून राहतो, एवढेच त्यावरून दिसते. परंतु ज्या विद्येवर एका वर्णाने मक्तेदारी सांगितली, ती येथे मातंगाच्या मुखी आहे, हे अधिक मोलाचे होय.

या अवदानात नक्षत्रांवरून शुभाशुभ फलेही सांगितली आहेत, हे मात्र लपविण्याचे कारण नाही. पाली परंपरेची भूमिका याहून वेगळी आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ग्रहनक्षत्रांवरून भविष्य सांगून उपजीविका करणे ही हीन विद्या मानली आहे. नक्खत्तजातकात शुभ नक्षत्राच्या नादी लागून ठरलेला विवाह हातचा गेल्याची कथा येते. उलट विनयपिटकातील चुल्लवग्गात अरण्यवासी भिक्खूंनी नक्षत्रांच्या गती शिकाव्यात, दिशा ओळखाव्यात, असा स्पष्ट नियम आहे. भिक्खूंना नक्षत्र व दिशा सांगता आल्या नाहीत म्हणून चोरांनी त्यांना मारहाण केली, या प्रसंगातून तो नियम निर्माण झाला.

या दोन वचनांत विरोध नाही. काळ आणि दिशा जाणण्यासाठी आकाश पाहावे. मनुष्याचे भवितव्य मात्र त्याच्या कर्मावर अवलंबून आहे, ताऱ्यांवर नव्हे. संपात कृत्तिकांकडून अश्विनीकडे आणि तेथून पुढे सरकला, तरी या विवेकाची गरज सरलेली नाही. आजही विवाहापूर्वी पत्रिका पाहणाऱ्या आपल्या समाजाने नक्खत्तजातक आवर्जून वाचले पाहिजे.