गुरूविना गिटार : छापील पुस्तकांनी घडवलेला रियाज

युरोपातील बहुतेक वाद्यांचे शिक्षण दीर्घकाळ चर्च, राजदरबार आणि वादकांची कुटुंबे यांच्या आश्रयाने चालत आले. गिटारीचा इतिहास मात्र या बाबतीत वेगळा आहे, कारण सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून या वाद्यासाठी जी पुस्तके छापली गेली, त्यांतील अनेक पुस्तके ज्याला शिक्षक मिळालेला नाही अशा हौशी वाचकाच्या हाती पडतील हे गृहीत धरूनच रचलेली होती. स्वतःच्या बळावर गिटार शिकू पाहणारा नवशिका ही म्हणूनच आधुनिक काळाची निर्मिती नव्हे, आणि रोज काय वाजवावे, कोणत्या क्रमाने वाजवावे व किती वेळ वाजवावे हे त्याला पडणारे प्रश्नही नवे नाहीत. त्यांची उत्तरे सुमारे साडेतीन शतकांत थोडी थोडी करून मिळत गेली, आणि दर वेळी शिक्षकाचे एखादे काम पुस्तकाने स्वतःकडे घेतले.

या परंपरेच्या आरंभी उभे असलेले जोआन कार्लेस आमात हे स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील एक वैद्य होते. त्यांचे पाच संचांच्या स्पॅनिश गिटारीवरील छोटेखानी पुस्तक 1596 मध्ये बार्सिलोनात प्रसिद्ध झाले. त्या काळच्या गिटारीला आजच्यासारख्या सहा सुट्या तारा नसून तारांचे पाच संच असत, आणि संचातील दोन तारा इतक्या जवळ असत की त्या एकाच बोटाने एकदम दाबल्या जात. आमात यांनी कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजवायचा स्वरांचा मेळ, हा शिक्षणाचा पाया मानला आणि बारा मेजर व बारा मायनर असे चोवीस कॉर्ड वर्तुळाकार कोष्टकात मांडून त्यांना क्रमांक दिले. ज्याला स्वरलिपी वाचता येत नाही, त्यालाही आकड्यांच्या आधारे गाण्याला साथ करता येईल अशी ही सोय होती, आणि अठराव्या शतकातही हे पुस्तक पुन्हा पुन्हा छापले जात होते.

दहा वर्षांनी, 1606 मध्ये, फ्लॉरेन्समध्ये जिरोलामो मोंतेसार्दो यांचे पुस्तक निघाले आणि त्याच्या लांबलचक शीर्षकातच हे वाद्य कोणालाही शिक्षकाविना आपले आपण शिकता येईल अशी ग्वाही दिलेली होती. मोंतेसार्दो यांनी वापरलेली पद्धत ‘आल्फाबेतो’, म्हणजे अक्षरलिपी, या नावाने ओळखली जाते. तीत प्रत्येक अक्षर डाव्या हाताच्या बोटांची एक ठरावीक बैठक दाखवते, परंतु त्या अक्षराचा स्वराच्या नावाशी संबंध नसतो. ‘ए’ हे अक्षर दिसले की जी मेजर वाजवायचा, ‘बी’ दिसले की सी मेजर आणि ‘सी’ दिसले की डी मेजर, तर ई मायनरसाठी अक्षराऐवजी अधिकचे चिन्ह येते. अक्षरांजवळ एक आडवी रेघ काढून तिच्या खाली व वर छोट्या उभ्या रेघा दिल्या जात. खालची रेघ म्हणजे हात तारांवरून खाली आणायचा आणि वरची म्हणजे तो वर न्यायचा. एका ओळीत डावा हात काय करतो आणि उजवा कोणत्या दिशेने फिरतो हे दोन्ही कळत असल्यामुळे ही लिपी इटलीत झपाट्याने पसरली, आणि तिने शिक्षकाचे ‘बोटे कुठे ठेवावीत’ हे दाखवून देण्याचे काम खरोखरच संपवले. बोटे वेळेवर तिथे पोहोचण्यासाठी दिवसेंदिवस काय करावे, याविषयी मात्र ती गप्प होती. गास्पार सान्स यांच्या 1674 च्या सारागोसा येथील ग्रंथात तारा एकदम छेडण्याबरोबरच त्या एकेक करून वाजवण्याचीही शिकवण आली आणि दोन्ही हातांसाठी नियम आले, तरी तिथेही भर रचनांवर होता. रियाज वाचकाने आपापल्या मगदुराप्रमाणे करायचा होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा मागे पडून सहा सुट्या तारांची गिटार रूढ झाली, आणि व्हिएन्ना व पॅरिस येथील मध्यमवर्गीय घरांत तिची मागणी वाढली. दक्षिण इटलीतील बिशेल्ये या गावी जन्मलेले माउरो जुलियानी 1806 मध्ये व्हिएन्नात आले, आणि 1812 मध्ये तेथील आर्तारिया या प्रकाशनसंस्थेने त्यांचा ‘स्तुदिओ’, ओपस 1, हा चार भागांचा अभ्यासग्रंथ छापला. गिटारीच्या रियाजाला आज जे रूप आहे, त्याचा खरा उगम या ग्रंथाच्या पहिल्या भागात शोधावा लागतो. तेथे उजव्या हातासाठी 120 सूत्रे दिलेली आहेत, प्रत्येक सूत्र एक-दोन ओळींत मावणारे आहे, आणि ती सर्व सी मेजर व जी सेव्हन्थ या दोनच कॉर्डवर आलटून पालटून बांधलेली आहेत. डाव्या हाताला जवळजवळ काही नवे करायचे नसल्यामुळे सारे लक्ष उजव्या हाताच्या अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांच्या क्रमाकडे राहते, आणि एका सूत्रातून दुसऱ्यात जाताना बहुधा तो क्रमच काय तो बदलतो. दुसरा भाग स्वरांच्या जोड्या वाजवणाऱ्या डाव्या हाताचा, तिसरा स्वरांच्या उच्चारणाचा आणि अलंकरणाचा, आणि शेवटचा या सर्वांचा एकत्र वापर करणाऱ्या बारा धड्यांचा आहे.

या मांडणीचे महत्त्व एकट्याने शिकणाऱ्याच्या अडचणीकडे पाहिले की ध्यानात येते. एखादी रचना अडखळत असेल तर चूक कोणत्या हाताची, कोणत्या बोटाची, हे समोर बसलेला शिक्षक पाहताक्षणी ओळखतो. एकट्या विद्यार्थ्याला केवळ अडखळणे ऐकू येते आणि म्हणून तो संपूर्ण रचनाच पुन्हा पहिल्यापासून वाजवत राहतो. जुलियानींच्या सूत्रात अडचण एकाच ठिकाणी असू शकते. चार बोटांच्या क्रमात अनामिकेचा स्वर इतरांपेक्षा दबका येत असेल, तर तो दोन-तीन फेऱ्यांतच कानाला खटकतो, आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा कान शिक्षकाच्या डोळ्याचे काम करू लागतो. रियाजाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागाला एकच काम नेमून देण्याची ही कल्पना गिटारीच्या शिक्षणातील सर्वांत मोलाची देणगी होय, आणि तिचे श्रेय जुलियानींना जितके मिळायला हवे तितके मिळालेले नाही.

त्यांच्या समकालीन वादकांतील मतभेदांनी शिक्षण समृद्ध झाले आणि नवशिक्याचा गोंधळही वाढला. दियोनिसियो आग्वादो (शिक्षणग्रंथ, माद्रिद, 1825) तारा नखांनी छेडण्याच्या बाजूचे होते, तर फेर्नांदो सोर (ग्रंथ, पॅरिस, 1830) बोटांच्या मांसल टोकाने वाजवत, अनामिकेचा वापर शक्य तितका टाळत आणि घोकंपट्टीच्या सवयीपेक्षा विचाराला फार वरचे स्थान देत. हे दोघे एकमेकांचे निकटचे मित्र होते आणि सोर यांनी दोन गिटारींसाठी रचलेल्या एका कृतीला ‘दोन मित्र’ असेच नाव दिले. परंतु दोघांची पुस्तके एकाच वेळी समोर ठेवून शिकणाऱ्याचा उजवा हात कोणत्याच वळणावर स्थिरावत नाही. आपल्याकडे भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ रचून बंदिशी छापील रूपात खुल्या केल्या, तेव्हाही गुरुमुखातून येणारी विद्या पुस्तकात किती उतरते असा वाद झाला होता, आणि पुस्तकाच्या मर्यादेविषयीची ती शंका गिटारीच्या बाबतीतही रास्त ठरते.

विसाव्या शतकातील सर्वांत प्रख्यात शास्त्रीय गिटारवादक आंद्रेस सेगोविया (1893–1987) हे आपण स्वतःच स्वतःचे शिक्षक आणि विद्यार्थी होतो असे सांगत. त्यांची मेजर व मायनर स्वरसप्तकांची पुस्तिका 1953 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या प्रस्तावनेत त्यांनी रोज दोन तास सप्तके वाजवण्याचा पुरस्कार केला. मैफलीच्या वादकासाठी हा सल्ला योग्य असेल. परंतु ही सप्तके पडद्यांवरून हाताची जागा बदलत दूरवर जातात, आणि ज्याचे दोन कॉर्डही अजून सफाईने बदलत नाहीत अशा विद्यार्थ्याने त्यांच्यापासून आरंभ करणे ही चुकीची सुरुवात आहे.

याच दशकात इंग्लंडमध्ये लॉनी डॉनेगन यांच्या स्किफल या साध्या कॉर्डवर चालणाऱ्या गीतप्रकाराने हजारो मुलांच्या हाती गिटार दिली, आणि 1957 मध्ये बर्ट वीडन यांचे ‘प्ले इन अ डे’ हे पुस्तक बाजारात आले. पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि एरिक क्लॅप्टन हे त्याच्या वाचकांपैकी होत. एका दिवसात वाजवता येईल हे शीर्षकातील आश्वासन उमेद देणारे असले तरी पुढील वर्षाची आखणी त्यात नव्हती, आणि ती उणीव या पिढीने ग्रामोफोनच्या साहाय्याने भरून काढली : मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 16 च्या गतीवर लावली की लय निम्मी होते, स्वर एक सप्तक खाली उतरतात, आणि वादकाच्या बोटांतून निसटून जाणारी प्रत्येक जागा वेगळी ऐकता येते. अवघड ते आधी तोडून, संथ करून मग जोडावे हा जुलियानींचाच मार्ग या मुलांनी यंत्राच्या आधारे पुन्हा शोधला होता.

आज शिक्षकाविना शिकणाऱ्यासमोर धड्यांची टंचाई नाही, निवडीची अडचण आहे. अशा विद्यार्थ्याने प्रथम एकच पद्धत निवडावी, जुलियानींच्या 120 सूत्रांपैकी आरंभीची पाच-सहा घेऊन रोज पंधरा मिनिटे त्या दोन कॉर्डवर प्रत्येक स्वर स्वच्छ ऐकू येईल इतक्या संथ लयीत वाजवावीत, आणि उरलेला वेळ त्याला मनापासून आवडणाऱ्या एखाद्या छोट्या रचनेला द्यावा. ओपस 1 वर आता कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही आणि तो कोणालाही विनामूल्य मिळू शकतो.