नवजात इंट्युबेशन व प्राणवायू

नवजात बालकाच्या श्वासनलिकेत नळी घालताना (वॉर्डाच्या बोलीत ‘ट्यूब टाकताना’) रक्तातील प्राणवायू सुरक्षित पातळीत राखण्याची पद्धत. बाळाच्या फुप्फुसांतील साठा तुटपुंजा, आणि वजनाच्या मानाने प्राणवायूचा खप प्रौढाच्या सुमारे दुप्पट. मास्क काढून लॅरिंगोस्कोप (घसा दिसण्यासाठीचे उपकरण) घातला की थोड्याच सेकंदांत रक्तातील प्राणवायूची पातळी (संतृप्ती) घसरते, मागोमाग हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून एका प्रयत्नाला ३० सेकंदांची मर्यादा. नळी बसली नाही तर थांबून पुन्हा मास्कने श्वास देतात. पल्स ऑक्सिमीटर उजव्या हाताला लावतात, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताची पातळी तिथे कळते. जन्मानंतर पहिल्या मिनिटाला ६०–६५ टक्के, दहाव्याला ८५–९५ टक्के अपेक्षित. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जादा प्राणवायूही बाधतो. दृष्टिपटलाचा विकार संभवतो.

पुरवठा : यासाठी लागणारा प्राणवायू पिंपरी-चिंचवड परिसरातील रुग्णालयांना लांबून आणावा लागत नाही. चाकण औद्योगिक पट्ट्यात आयनॉक्स एअर प्रॉडक्ट्स व तायो निप्पॉन सान्सो यांचे प्रकल्प आहेत. हवा अतिथंड करून वेगळा काढलेला द्रवरूप प्राणवायू (उत्कलनबिंदू –१८३ अंश से.) टँकरने रुग्णालयाच्या टाकीत येतो. एका लिटर द्रवापासून सुमारे ८५० लिटर वायू होतो. तो नळवाहिनीतून खाटेजवळ पोचतो. तिथे ब्लेंडर त्यात हवा मिसळून प्रमाण ठरवतो. नवजात विभागात ब्लेंडर नसणे ही टाकी नसण्याइतकीच मोठी उणीव मानावी. करोनाकाळात, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्य शासनाने उत्पादनाचा ८० टक्के वाटा वैद्यकीय वापरासाठी राखला व कारखान्यांचा वाटा घटला.

परिसरातील रुग्णालये : महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय (संत तुकारामनगर), डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय, पिंपरी.

संशोधन : मेलबर्नमधील ‘शाइन’ चाचणीत (२०२२) नळी घालत असतानाच नाकातून मिनिटाला ८ लिटर वेगाने प्राणवायुमिश्रित उष्ण, दमट हवा चालू ठेवली. २५१ इंट्युबेशनांपैकी या गटात ५० टक्के, तर नेहमीच्या पद्धतीत ३१.५ टक्के वेळा बाळाची प्रकृती न ढासळता पहिल्याच प्रयत्नात नळी बसली. लाभ मुख्यतः नवशिक्या हातांना झालेला दिसतो. शिकाऊ निवासी डॉक्टर असलेल्या रुग्णालयांना ही बाब महत्त्वाची. डब्लिनमधील चाचणीत (२०२४) व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने पहिल्या प्रयत्नाचे यश ७४ टक्के, साध्या उपकरणाने ४५ टक्के. दोन्ही उपाय एकत्र किती उपयोगी, हे या चाचण्यांवरून ठरत नाही.

पूर्वौषधे (नळी घालण्यापूर्वीची औषधे) : तातडी नसल्यास देतात, निवडीबाबत मतभेद.