बेचाळीस मीटरवरचे वॅट

१९४२ च्या ऑगस्टात रत्नागिरी मुंबईपासून आजच्यापेक्षा बरीच लांब होती. रेल्वे नव्हती, कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडायचे होते. किनाऱ्यावरच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत. वर्तमानपत्रे घाट उतरून उशिरा येत, आणि त्यांतही सेन्सॉरने शिल्लक ठेवला असेल तेवढाच मजकूर. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, ९ च्या पहाटे पुढारी पकडले गेले, आणि २७ ऑगस्टला, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. तो आवाज रत्नागिरीत ऐकू येणे शक्य होते का? आम्हां रत्नागिरीकरांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण उत्तर शोधू गेले की ध्यानात येते, की या प्रकरणाच्या लेखनात आवाजाला भरपूर जागा मिळाली आणि यंत्राला जवळजवळ काहीच नाही.

हकिगत वाचकांस ठाऊक असेलच. बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास व चंद्रकांत झवेरी ही तरुण मंडळी. मागे राममनोहर लोहिया. सामग्रीसाठी शिकागो रेडिओचे नानक मोटवानी. चौपाटीपासून लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड असे बिऱ्हाड बदलत चाललेले केंद्र. १२ नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत छापा, पुढे खटला, खाकरांना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष. हे सारे रंगवून लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच झाले.

आता यंत्राकडे वळू. ४२.३४ मीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७१ लाख आवर्तने. हा हौशी रेडिओवाल्यांचा, हॅम मंडळींचा, चाळीस मीटरचा पट्टा. १९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने या मंडळींना प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम धाडले होते. नरिमन अबरबाद प्रिंटर हे त्यांच्यातलेच, व्हीयू२एफयू या संकेतनामाचे. काँग्रेस रेडिओच्या आधी त्यांनी आझाद हिंद रेडिओ नावाचा एक प्रयत्न करून अटकही ओढवून घेतली होती. थोडक्यात, राष्ट्रीय चळवळीला मिळालेला हा आवाज मुळात छंदातून, टेबलावर सोल्डर करीत घडलेल्या विद्येचा होता.

या विद्येचा पुरवठा किती? त्या काळी हौशी प्रक्षेपकांत जे व्हॉल्व्ह लोकप्रिय होते, त्यांत आरसीएचे ८०७ प्रमुख. डोक्यावर प्लेटची टोपी असलेली ही मूठभर काचेची नळी. तिच्या प्लेटला ६०० व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर दिले की ६० वॅट आत जातात. तारायंत्राच्या खटखटीत त्यांतले ४० च्या आसपास ॲरियलकडे जातात, उरलेले २० नळी तापवण्यात खर्ची पडतात. हौशी मंडळी आपल्या ॲम्प्लिफायरचा आकडा सांगत तो बहुधा आत जाणाऱ्या शक्तीचा. कायदाही तोच आकडा मोजी, कारण व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर यांच्या गुणाकाराने तो कोणालाही काढता येई. आपल्याकडच्या १९७८ च्या नियमांतल्या ५०, १५० व ४०० वॅट या मर्यादा याच हिशेबातल्या. म्हणून जुन्या यंत्रावर कोरलेला आकडा वाचताना त्यातून तिसरा हिस्सा वजा करण्याची सवय ठेवावी. बोलण्यासाठी तर आणखी अडचण. माणसाचा शब्द वाहून न्यायचा तर आतल्या शक्तीच्या निम्मी शक्ती ध्वनीच्या रूपात वेगळी निर्माण करावी लागते, आणि पट्टीच्या आवाजाच्या शिखरावर वाहक लहरीची शक्ती क्षणभर चौपट होते. नळीला हा ताण सोसावा म्हणून तिला एरवी कमीच राबवावे लागते. वक्त्याचा सूर चढला की व्हॉल्व्हच्या अंगावर त्याचा भार पडतो. 'ओजस्वी भाषण' या शब्दाला असा अर्थ असेल असे आमच्या वाङ्मयाच्या वर्गात कोणी सांगितले नव्हते.

दर काही दिवसांनी फ्लॅट बदलणारा, घरच्या मीटरवर चालणारा प्रक्षेपक किलोवॅटचा असणे शक्य नाही. आकाशवाणीचे मुंबईचे लघुलहरी केंद्र १९३८ पासून १० किलोवॅटचे होते. तसले यंत्र हलवायला टॅक्सी पुरत नाही, इमारत लागते. म्हणजे तुलना दहा हजार वॅटांशी काही दहा-वीस, फार तर शंभर-दीडशे वॅटांची. हे प्रमाण केविलवाणे वाटते. पण कान गुणाकाराने ऐकत नाही. श्रवणशक्तीच्या मापात एक पायरी चढायला शक्ती चौपट करावी लागते. ४० आणि १०,००० वॅट यांत २५० पटींचे अंतर असले तरी पायऱ्या चारच. मोठ्या केंद्राचा आवाज खणखणीत येत असेल तेथे लहान केंद्राचा, खरखरीतून का होईना, समजण्याजोगा येतो. साम्राज्याच्या यंत्रणेशी छंदिष्टांना झुंजता आले, ते या गणिताच्या कृपेने.

आणि रत्नागिरी? मुंबईपासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. जमिनीलगतची लहर एवढी टिकत नाही. तिला वर, सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या आयनांबरापर्यंत जाऊन जवळजवळ उभीच खाली यावे लागते. दिवेलागणीनंतर तो थर विरळ होत जातो, आणि एका घटकेला उभी लहर त्याला भेदून निघून जाते. तिरपी लहर मात्र परतते आणि शेकडो मैलांवर उतरते. मध्ये एक मुका पट्टा उरतो. हौशी रेडिओवाल्यांच्या इतिहासात काँग्रेस रेडिओ जपानव्याप्त ब्रह्मदेशापर्यंत ऐकू गेल्याचे नोंदले आहे, आणि त्यात अशक्य काहीच नाही. (थिबा राजाला १९१६ पर्यंत सांभाळणाऱ्या आमच्या गावाला ब्रह्मदेश तसा परका नाही, पण तो ऐकेल आणि आम्ही नाही, हे जरा लागते.) संध्याकाळी लवकर लागलेला कार्यक्रम रत्नागिरीत पोहोचावा आणि रात्री पावणेनऊचा एखाद्या दिवशी डोक्यावरून निघून जावा, असाच हा खेळ. येथे वॅट वाढवून उपयोग नसतो.

वॅट वाढवण्याने एक गोष्ट मात्र खात्रीने होते. जमिनीलगतची तीच लहर, जी रत्नागिरीला येत नाही, गिरगावाच्या गल्ल्यांत बलवान होते. आणि पोलिसांच्या शोधगाड्या तिचाच माग काढतात. बाहेर पोहोचायचे तर यंत्र सशक्त हवे, सापडायचे नसेल तर अशक्त. ही तारेवरची कसरत ज्याच्या हाती होती तो तंत्रज्ञ आपल्या कथनांत येतो तो शेवटच्या अंकात, ठिकाण दाखवणारा फितूर म्हणून. उषाबेनच्या बाजूने सांगितलेल्या हकिगतीत ते स्वाभाविक आहे. दार फोडून पोलीस आत आले ते त्यांनी भोगले होते. हौशी रेडिओवाल्यांच्या इतिहासात मात्र प्रिंटर यांच्या जोडीला 'बॉब' तन्ना, व्हीयू२एलके, हे नाव येते, आणि ठिकाण कोणाकडून व कसे कळले याची कथा तेथे निराळी आहे. दोन्ही कथनांत फितुरी क्षम्य ठरत नाही, ठरवण्याचा आमचा आग्रहही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या पानावर त्या माणसाची फितुरी लिहिली जाते त्याच्या आधीच्या पानावर त्याने बांधलेला प्रक्षेपक, त्याच्या नळ्या आणि त्यांचे वॅटही यायला हवेत. छाप्यात जप्त झाले ते सामान पोलिसांनी पुराव्यासाठी बारकाईने नोंदवून घेतले होते. तेवढी बारकाई आपल्या चरित्रकारांनी दाखवलेली नाही.